दिन आणि दीन कानाला सारखेच : नवशिक्या वाचकांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना

तुमचा प्रश्न असा आहे : पहिलीची मुले बाराखडी घडाघडा म्हणतात, फळ्यावर लिहिलेले कि आणि की वेगवेगळे ओळखतातही, पण शब्द वाचताना दोन्ही एकाच मापाने उच्चारतात आणि श्रुतलेखनात ‘पाणि’, ‘मुल’, ‘करुन’ असे लिहून मोकळी होतात. तुम्ही रोज ऱ्हस्व तोडून आणि दीर्घ ताणून म्हणून दाखवता, तरी फरक पडत नाही. तेव्हा मुलांचा कान कमी पडतो की आपले शिकवणे, आणि दोन्ही वेलांट्या व दोन्ही उकार कोणत्या क्रमाने शिकवावेत, असे तुम्ही विचारले आहे.

पंचवीसहून अधिक वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवत आल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकते की मुलांचा कान मुळीच कमी पडत नाही. तो आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. आपण लिहिण्याची सवय झालेली माणसे असल्यामुळे जे अक्षर डोळ्यांना दिसते तेच कानाला ऐकू येते असे आपल्याला वाटते. मुलांच्या डोळ्यांना अजून ती सवय नसते, म्हणून ती जे खरोखर ऐकू येते तेच लिहितात. एक छोटा प्रयोग करून पाहा. एखाद्या सहकाऱ्याला पाठ फिरवून उभे करा आणि ‘दिन’ व ‘दीन’ हे दोन शब्द नेहमीच्या बोलण्याच्या गतीने, मुद्दाम न ताणता, त्यांना ऐकवा. कोणता शब्द केव्हा म्हटला हे त्यांना सांगता येणार नाही. आपण दोन्ही वेळा ‘दीन’ असेच म्हणतो. ‘सुख’, ‘गुण’, ‘विष’ हे शब्द आपण पहिल्या उकाराने आणि पहिल्या वेलांटीने लिहितो, पण उच्चार मात्र सूख, गूण, वीष असाच करतो. मग मुलाने ‘गूण’ लिहिले तर त्याने ऐकण्यात चूक केली असे कसे म्हणता येईल? त्याने तुमचे बोलणे जसेच्या तसे टिपून घेतले आहे.

याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे आणि ते शिक्षकाला नीट उमगल्याशिवाय पुढचे काहीच सुधारत नाही. मराठी बोलताना इ किंवा उ आखूड होणार की लांब, हे त्या स्वराची शब्दातली जागा ठरवते. शब्दाच्या अगदी शेवटी तो आला तर आपण तो लांबवून सोडतो : नदी, माती, लाडू, वाळू. शेवटच्या अक्षरातला अ आपण बोलताना गिळून टाकतो, म्हणजे ‘फूल’ मधला ल आपण पाय मोडल्यासारखाच म्हणतो. त्या अक्षराच्या लगेच आधी इ किंवा उ आला तर तोही लांबतो : फूल, वीट, जीभ, दूध, गरीब, बहीण. याखेरीज इतरत्र, म्हणजे पुढे अजून बोलायचे शिल्लक असेल तेथे, तो आखूड राहतो : फुले, विटा, जिभेवर, दुधात, गरिबी, बहिणीला. केवळ स्वराच्या लांबीमुळे अर्थ बदलतो असे दाखवण्यासाठी दिन-दीन, सुत-सूत, पाणि-पाणी, शिर-शीर अशा जोड्या पुस्तकांत दिलेल्या असतात. त्या बारकाईने पाहिल्या तर जोडीतला निदान एक शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला आढळतो, आणि रोजच्या बोलण्यात तोही आपण मराठीच्याच मापाने उच्चारतो. मोडी लिपीत तर शेकडो वर्षे एकच वेलांटी आणि एकच उकार होता. हिशेब, पत्रे, दफ्तरे सगळे त्यावर चालले आणि वाचणाऱ्याचे कुठे अडले नाही, कारण लांबी कुठे येणार हे त्याची जीभ आपोआप सांगत असे.

अ आणि आ यांची गोष्ट मात्र निराळी आहे. मन-मान, कर-कार, वर-वार यांत लांबीबरोबर तोंडाचा आकारही बदलतो, आ म्हणताना जबडा उघडतो. त्यामुळे हा फरक मुले पहिल्या आठवड्यातच पकडतात आणि कान्याच्या चुका फारशा होत नाहीत. येथे शिक्षकाची एक गफलत होते. काना सहज जमला म्हणून वेलांटी आणि उकारही ‘आखूड म्हण, लांब म्हण’ याच वाटेने जमतील असे त्याला वाटते. परंतु इ आणि ई यांच्यात मराठीपुरता तोंडाचा आकार जवळपास तोच राहतो, उरते ती केवळ लांबी, आणि तीही अक्षरावर नव्हे तर जागेवर अवलंबून. म्हणून ए, ऐ, ओ, औ हे परंपरेने दीर्घ मानलेले स्वर, किंवा नंतर वर्णमालेत आलेले ॲ आणि ऑ, यांची ऱ्हस्व-दीर्घाच्या अंगाने पहिलीत चर्चाही करू नये. सगळी मेहनत इ-ई आणि उ-ऊ या दोनच जोड्यांवर खर्चायची आहे.

आता वाचन आणि लेखन हे दोन प्रश्न वेगळे करा, कारण त्यांतल्या अडचणी एकसारख्या नाहीत. वाचणाऱ्या मुलाने ‘चूल’ हा शब्द थोडा आखूड वाचला तरी त्याला अर्थ कळतो आणि पुढच्याच क्षणी तो स्वतःहून उच्चार सुधारतो. वाचनात लांबीपेक्षा मोठी अडचण वेगळीच असते : दिसणारी वेलांटी कोणत्या अक्षराची आहे, हे मुलाला कळत नाही. पहिली वेलांटी आधी दिसते आणि तिचा आवाज मात्र अक्षरानंतर येतो. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या डोळ्याला हे उलटे आहे. ‘गणित’ हा शब्द घ्या. ग च्या उजवीकडे एक उभा दांडा आहे आणि दुसरी वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच असते, म्हणून मूल तो दांडा ग ला देऊन टाकते आणि ‘गीणत’ वाचते. ‘वकिली’ चे ‘वीकली’ होते. ही चूक ऱ्हस्व-दीर्घाची आहे असे समजून शिक्षक पुन्हा ताणून म्हणून दाखवतात. पण मूल लांबीत चुकलेलेच नसते, त्याने चिन्ह भलत्या अक्षराला दिलेले असते. यावर मला एकच उपाय नेहमी उपयोगी पडला आहे. मुलाला बोट दांड्यावर ठेवायला सांगावे आणि कमानीवरून फिरवत न्यायला सांगावे. कमान ज्या अक्षराच्या डोक्यावर जाते, वेलांटी त्याची. छपाईच्या काही वळणांत ही कमान तोकडी असते आणि अक्षराच्या डोक्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून सुरुवातीचे शब्द तुम्ही स्वतःच्या हाताने, ठळक आणि पूर्ण कमानीचे लिहून द्यावेत. उकारात ही अडचण नाही, कारण तो अक्षराच्या खालीच असतो; तेथे दोन उकारांचे वळण एकमेकांच्या उलट असणे एवढेच लक्षात आणून द्यावे लागते. र ला मात्र उकार पायाशी न लागता कमरेशी लागतो, म्हणून रु आणि रू यांना एक पूर्ण दिवस द्यावा; हा एक दिवस वाचवला तर वर्षभर ‘रुप’ आणि ‘सुरु’ भेटत राहतात.

क्रमाबद्दल माझे मत रूढ पद्धतीहून वेगळे आहे. बाराखडीत कि आधी आणि की नंतर येते म्हणून वर्गातही पहिली वेलांटी आधी शिकवली जाते. मी दुसरी वेलांटी आधी शिकवते. त्याची दोन कारणे आहेत. एक तर ती अक्षरानंतर येते, म्हणजे डोळा आणि जीभ एकाच दिशेने चालतात. दुसरे म्हणजे मुलांच्या पहिल्या वाचनातले शब्द मी, ती, ही, आई, नदी, पाटी, वही असे असतात. तीन-चार आठवडे केवळ दीर्घ ई घेऊनसुद्धा वाचण्यासारखी भरपूर वाक्ये तयार होतात. उकारातही तू, लाडू, चाकू, मूल, दूध, फूल यांपासून आरंभ करावा. ही चिन्हे हाताळून मुले सरावली, बिचकेनाशी झाली की मग पहिली वेलांटी आणि पहिला उकार आणावा. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या दोन गोष्टी एकाच दिवशी शेजारी मांडल्या तर मुले त्यांतला फरक शिकण्याऐवजी घोटाळा शिकतात, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला असतो. तरीही बाराखडीच्या धाकाने आपण तेच करत राहतो. तुलना करायची आहेच, पण एक बाजू पक्की झाल्यावर.

बाराखडीविषयी आणखी एक गोष्ट सांगून टाकते. ‘क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की’ हे म्हणणे चिन्हांची नावे पाठ होण्यासाठी चांगले आहे, त्याला माझा विरोध नाही. मात्र तिची चाल नीट कान देऊन ऐका : ठेक्यासाठी प्रत्येक अक्षर सारखेच लांबवले जाते, कि आणि की यांना चालीत तेवढाच वेळ मिळतो. म्हणजे ज्या साधनाने आपण लांबी शिकवू पाहतो, तेच साधन लांबी पुसून टाकते.

लांबी ही वस्तू आहे तरी काय, हे मुलांना एकदा निखळपणे जाणवून द्यावे आणि ते शब्दांबाहेर द्यावे. जुन्या व्याकरणकारांची या बाबतीतली दृष्टी मला फार शिक्षकाची वाटते. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत (म्हणजे दीर्घाहूनही लांबवलेला) यांची व्याख्या करताना उ हाच स्वर तीन कालांत उच्चारून दाखवला, आणि कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही काल ओळीने ऐकू येतात म्हणून उ निवडला असे परंपरा सांगते. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या ग्रंथात तर चाष (नीलकंठ) पक्षी एका मात्रेचा, म्हणजे ऱ्हस्व स्वराला लागणाऱ्या वेळाएवढा, कावळा दोन मात्रांचा, मोर तीन मात्रांचा आणि मुंगूस अर्ध्या मात्रेचा आवाज काढतो, असा श्लोकच आहे. मुलांना यातला कोंबडा पुरतो. कु-कू-कूऽऽ असे म्हणत हात बाकावरून सरकवायचा : पहिल्याला टिचकीएवढा, दुसऱ्याला वीतभर, तिसऱ्याला बाकाच्या टोकापर्यंत. दोन दिवसांत मुलांना ‘हात किती सरकला’ ही भाषा मिळते आणि पुढच्या सगळ्या कामात ती उपयोगी पडते. ऱ्हस्व आणि दीर्घ या संज्ञा त्यानंतर सांगितल्या तरी चालतात.

मुख्य पाठ यानंतरचा. तो मी कसा घेते ते जरा जवळून सांगते, कारण सगळे उत्तर खरे म्हणजे त्या वीस मिनिटांत आहे. फळ्यावर नुसते ‘म ल’ अशी दोन अक्षरे, मध्ये थोडी जागा सोडून, उकाराशिवाय लिहिते आणि ‘मूल’ हा शब्द साध्या आवाजात म्हणते. मुले तो म्हणतात आणि म्हणताना हात सरकवतात; हात वीतभर जातो. तेव्हा म ला दुसरा उकार लागतो. मग त्याच्या खाली ‘म लाला’ लिहिते आणि मुलांना ‘मुलाला’ म्हणायला सांगते. हात सरकू लागतो आणि मध्येच थांबतो, कारण पुढचे ‘लाला’ येऊन उभे राहिलेले असते. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, ‘बाई, मागून ढकलतंय.’ ऱ्हस्व होण्याचे याहून चांगले वर्णन मी कुठल्या व्याकरणात वाचलेले नाही. शब्दाला मागून शेपूट लागले की आधीच्या स्वराला जागा कमी पडते आणि तो आखडतो. म ला पहिला उकार लागतो. मग ओळीने वीट-विटा, चूल-चुलीत, फूल-फुले, भूक-भुकेने, पूल-पुलावर, जमीन-जमिनीवर, वकील-वकिलाने अशा जोड्या घ्यायच्या. प्रत्येक वेळी आधी बोलायचे, हात सरकवायचा, मग चिन्ह लावायचे. चिन्ह आधी दाखवून उच्चार करून घेतला तर मुले डोळ्याच्या सांगण्यावरून उच्चार बनवतात आणि पाठ फुकट जातो.

या जोड्यांची ताकद अशी की त्यांत मुलाने नवीन काहीच शिकायचे नसते. मुलाला ‘मुलाला’ मधला मु आखूड म्हणायला कोणी शिकवलेले नाही, तो दोन वर्षांचा असल्यापासून तसेच म्हणतो. आपण फक्त त्याच्या जिभेला आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या लक्षात आणून देतो. सर्वनामे तर याहून जवळची आहेत : ती-तिला, ही-हिचा, तू-तुला. हे सहा शब्द मूल दिवसातून शंभरदा बोलते. सर्वनामांच्या जोडीला नदी-नदीला, पाटी-पाटीवर, लाडू-लाडूला हे शब्दही दाखवावे लागतात, कारण तेथे शेपूट लागूनही शेवटचा ई किंवा ऊ दीर्घच लिहायचा असतो. नाहीतर हुशार मुले नियम पुढे ओढून ‘नदिला’ लिहितात. हा टप्पा एक आठवडा उशिरा घ्यावा आणि शांतपणे घ्यावा.

शब्द कुठून आला याची चिंता या पाठात करावी लागत नाही, हेही मुलांना आणि शिक्षकांना मजेचे वाटते. गरीब, वकील, जमीन हे शब्द अरबी-फारसीतून आलेले, पोलीस आणि बूट इंग्रजीतून. पण गरिबाला, वकिलाने, जमिनीवर, पोलिसांनी, बुटात असे ते निमूटपणे मराठीच्या चालीने चालतात. वेगळे राहतात ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. ते जागेला जुमानत नाहीत : जीव-जीवाला, गीत-गीताला, शरीर-शरीराला यांत दीर्घ तसाच राहतो, आणि सुख, मुख, गुण, मधुर, मंदिर यांत बोलताना लांबणारा स्वर लिहिताना ऱ्हस्व राहतो.

हा मुद्दा वर्गात तुम्ही काढायच्या आधी एखादे मूलच काढते. जोड्यांचा पाठ रंगात आला असताना एका मुलीने ‘मग सुखात हात सरकतो, तरी पुस्तकात पहिला उकार का?’ असे विचारले होते. अशा वेळी कृपा करून ‘नीट म्हण, सुख आखूड आहे’ असे म्हणू नका. ते खरे नाही आणि मुलाला ते खरे नसल्याचे ऐकू येते. मी तिला सांगितले की काही शब्द दुसऱ्या भाषेतून येताना लिहिण्याची आपली पद्धत बरोबर घेऊन आले आहेत, ते कानाने सापडणार नाहीत, डोळ्यांनी लक्षात ठेवायचे. मग वर्गाच्या एका भिंतीवर ‘डोळ्यांचे शब्द’ असा कागद लावला. पहिलीच्या वर्षात त्यावर वीस-पंचवीस शब्दांहून अधिक काही जमत नाही : सुख, गुण, दिन, मंदिर, मधुर एका बाजूला, पूजा, गीत, जीवन, भीती, सूर्य, मूर्ती, पूर्ण, परीक्षा दुसऱ्या बाजूला. शब्द भेटेल तसा मुलांनीच तो लिहायचा. पाठ करून घ्यायची गरज पडत नाही, रोज डोळ्यांपुढे राहिल्याने तो बसतो. ‘आणि’ हा शब्द त्या कागदावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात असावा, कारण तो प्रत्येक ओळीत येतो आणि मराठीत शेवटी पहिली वेलांटी असलेले मुलांच्या वापरातले शब्द त्याच्याखेरीज बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘परंतु’ त्याच्या शेजारी.

जोडाक्षर आणि अनुस्वार यांच्याआधीचा इकार-उकार मराठी शब्दांत ऱ्हस्व असतो : शिस्त, मुक्काम, विस्तव, चिंच, लिंबू, उंट. संस्कृत शब्दांतही पुस्तक, चित्र, मित्र, शिक्षक असे पुष्कळ शब्द याच मेळात बसतात, आणि सूर्य-पूर्ण-तीक्ष्ण यांसारखे भिंतीवर जातात. दुसरीच्या आरंभी एका तासात हे होऊन जाते, त्यावर रेंगाळू नये.

रेंगाळावे ते ‘ऊन’ वर. करून, बसून, जाऊन, घेऊन, म्हणून, घरून, वरून. ‘करुन’ ही मोठ्या माणसांच्या लेखनातही सर्वाधिक दिसणारी चूक असावी. पाट्या, पत्रके, सूचना कुठेही पाहा. शेवटच्या न च्या आधी, म्हणजे लांबण्याच्याच जागी, हा ऊ येतो, त्यामुळे मुलाचा कान येथे पूर्णपणे बरोबर सांगतो. पहिलीत ही एक सवय पक्की केली तर प्रत्येक परिच्छेदातल्या तीन-चार चुका जन्मालाच येत नाहीत.

रविवार हा शब्द मुलांच्या नजरेस लवकर पडतो आणि ‘रवी’ दीर्घ असताना ‘रविवार’ ऱ्हस्व का, असा प्रश्न पालकच विचारतात. त्यांना थोडी पार्श्वभूमी सांगावी लागते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे 14 नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडून ते 18 झाले. त्याआधी कवि, गुरु, बुद्धि असे संस्कृत शब्द शेवटी ऱ्हस्वच लिहीत. नव्या नियमांनी ते मराठीच्या उच्चाराप्रमाणे कवी, गुरू, बुद्धी असे दीर्घ केले, आणि समासात पहिले पद म्हणून आले तर मूळचे ऱ्हस्व ठेवले : रविवार, कविराज, गुरुदक्षिणा, बुद्धिबळ. घरातली वडीलधारी मंडळी ‘कवि’ लिहितात ती अशुद्ध लिहितात असे मुलांना वाटू देऊ नये. ती त्यांच्या शाळेतल्या नियमाने लिहितात. मुलाला एवढे सांगितले तरी पुरते की मागे दुसरा शब्द येऊन उभा राहिला म्हणून ‘रवी’ आखडला. व्याकरणाच्या दृष्टीने हे कारण पुरते काटेकोर नाही, पण सात वर्षांच्या मुलाला त्याने योग्य चिन्ह सापडते, आणि समास त्याला पुढे भेटणारच आहे.

श्रुतलेखनाबद्दल मी थोडी हट्टी आहे. पहिलीच्या पहिल्या सहामाहीत ऱ्हस्व-दीर्घासाठी एकही लाल खूण करू नये. मुलाने ‘पाणि’ लिहिले तर त्याने प, काना, ण आणि इकार एवढ्या चार गोष्टी ओळीने बरोबर ऐकून लिहिल्या आहेत. त्याचे कौतुक राहते बाजूला आणि तो वेलांटीसाठी खोडरबर शोधू लागतो, मग पुढच्या वाक्यात जे शब्द नक्की येतात तेवढेच लिहितो. दुसऱ्या सहामाहीत जोड्यांनी शिकवलेले शब्दच श्रुतलेखनात घ्यावेत आणि सांगताना उच्चार मुळीच ताणू नये. शिक्षक ‘पाऽणीऽऽ’ म्हणून इशारा देतो तेव्हा मूल शिक्षकाचा चेहरा वाचायला शिकते. घरी एकटे लिहिताना तो चेहरा समोर नसतो. चूक सापडली तर योग्य रूप न सांगता ‘याला शेपूट लावून म्हण’ किंवा ‘हात सरकव’ एवढेच म्हणावे. निम्म्याहून अधिक चुका मुले तेवढ्यावर स्वतः दुरुस्त करतात. ज्या होत नाहीत त्या बहुधा भिंतीवरच्या शब्दांच्या असतात.

श्रुतलेखनासाठी कवितेच्या ओळी घेऊ नयेत. वृत्त सांभाळण्यासाठी कवी ऱ्हस्वाचा दीर्घ आणि दीर्घाचा ऱ्हस्व करतात आणि ते त्यांना क्षम्य आहे, मुलांना मात्र त्यातून चुकीचे रूप पाहायला मिळते. टाळी धरून म्हणायला कविता उत्तम. भुजंगप्रयातासारख्या वृत्तात लगागा लगागा हा आखूड-लांब-लांब असा ठेका चार वेळा येतो आणि अर्थ समजण्याआधी तो मुलांच्या अंगात भिनतो.

शेवटी इंग्रजीचा संभ्रम. सेमी-इंग्रजी वर्गांत मुलांना ‘शॉर्ट व्हॉवेल’ आणि ‘लाँग व्हॉवेल’ याच सुमारास शिकवतात आणि पालकांना तेच ऱ्हस्व-दीर्घ वाटते. ते तसे नाही. कॅप-केप किंवा बिट-बाइट या जोड्यांत आवाज लांबत नाही, तो दुसराच होतो. एकाच अक्षराच्या दोन वेगळ्या वाचनांना तेथे शॉर्ट आणि लाँग ही नावे पडलेली आहेत. शिप-शीप (ship-sheep) आणि फुल-फूल (full-fool) यांत लांबीचा भाग आहे, पण तोंडाचा आकारही बदलतो आणि अर्थ तर पूर्ण बदलतो, म्हणून तेथे कानाला खास वळण लावावे लागते. मराठी मूल दोन्ही शब्दांना पुष्कळदा ‘शीप’ म्हणते. ते आळसाने नव्हे. शेवटच्या व्यंजनाआधीचा इ लांबवायचा, ही आपल्या भाषेची सवय ते इंग्रजीतही इमानेइतबारे पाळत असते. म्हणून दोन्ही भाषांचे हे पाठ एकाच आठवड्यात ठेवू नयेत; इंग्रजीच्या बाईंशी बोलून मराठीच्या जोड्या निदान महिनाभर आधी उरकून घ्याव्यात, आणि इंग्रजीच्या तासाला हात सरकवण्याचा खेळ न वापरता ओठांकडे आणि जबड्याकडे पाहायला लावावे.